पूर ओसरल्यावर सरकारी मदत कशी मिळवायची: घर धुवायच्या आधीपासून खात्यात पैसे पडेपर्यंत

मी कोल्हापूर जिल्ह्यात नदीकाठच्या गावात राहतो. २०१९ चा पूर बघितला, २०२१ चा पण बघितला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि दोनच वर्षांत ५६ च्या वर, म्हणजे आजोबांच्या काळापासून जिथं पाणी कधी आलं नाही म्हणायचे तिथं आलं. दोन्ही वेळेला पुढचे दोन-तीन महिने माझं काम एकच, गल्लीतल्या लोकांचे अर्ज लिहायचे, यादीत नाव शोधायचं, बँकेत सोबत जायचं. त्या सगळ्या फिरण्यातून जे कळलं ते इथं क्रमाने लिहितोय. पूर असो नाहीतर कोकणातलं चक्रीवादळ, रस्ता साधारण हाच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमचं किती गेलं हे सरकारला पंचनाम्यातूनच कळतं, दुसरीकडून कळायचा मार्ग नाही. पंचनाम्यात जे लिहिलं गेलं तेवढीच मदत. म्हणून खालचं सगळं वाचायला वेळ नसेल तर पंचनाम्याचा भाग तेवढा तरी वाचा.

पैसा येतो कुठून

हे थोडक्यात, पण माहिती पाहिजे, कारण कुणाशी बोलायचं ते यावरून कळतं. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली प्रत्येक राज्याचा राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो, त्याला सगळे एसडीआरएफच म्हणतात. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यात केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५ टक्के, ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना ९०-१० असं प्रमाण आहे. आपत्ती मोठी असली आणि हा निधी पुरला नाही तर राज्य केंद्राला निवेदन पाठवतं, केंद्राचं पथक पाहणी करून जातं, मग गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची उच्चस्तरीय समिती राष्ट्रीय निधीतून किती द्यायचं ते ठरवते. २०१९ च्या पुरानंतर राज्याने केंद्राकडे ६,८१३ कोटी मागितले होते. ही प्रक्रिया महिनोन्महिने चालते, पण तुमची पहिली मदत त्यासाठी थांबत नाही, ती राज्याच्या निधीतून येते. त्यामुळे कुणी "केंद्राचे पैसे आले नाहीत म्हणून तुमचं अडकलंय" असं म्हणालं तर लगेच मान हलवू नका, आपलं नाव यादीत आहे का ते आधी विचारा.

मदतीचे दर केंद्राने ठरवलेले असतात, त्याला निकष म्हणतात. त्यावर राज्य सरकार स्वतःच्या तिजोरीतून जादा देऊ शकतं आणि मोठ्या पुरानंतर बहुतेक वेळा देतं. २०२१ ला ११,५०० कोटींचं पॅकेज आलं, २०२५ ला मराठवाडा आणि सोलापूरकडच्या पुरानंतर ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं जाहीर झालं. हा मोठा आकडा टीव्हीवर बघून आपल्या वाट्याचा हिशोब करू नका, त्यात रस्ते, वीज, पूल सगळं धरलेलं असतं. आपल्याला हवा असतो तो महसूल व वन विभागाचा त्या आपत्तीसाठीचा जीआर, म्हणजे शासन निर्णय. मोबाइलवर डाउनलोड करा, तक्ता बघा, एक प्रिंट काढून घरात ठेवा.

पहिलं काम: झाडू घ्यायच्या आधी फोन घ्या

पाणी उतरलं की बायाबापड्या सगळ्यात आधी घर धुवायला घेतात. साहजिक आहे, गाळाचा वास तीन दिवस नाकातून जात नाही, आणि गाळ वाळला की निघत नाही. पण एक अर्धा तास थांबा.

भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते, खाली मातकट, वर कोरडी. त्या रेघेजवळ घरातल्या एका माणसाला उभं करून फोटो काढा म्हणजे पाणी छातीला होतं का डोक्यावरून गेलं ते आपोआप दिसतं. फोटोत दार, घर नंबरची पाटी नाहीतर शेजारचं देऊळ, ओळखता येईल असं काहीतरी येऊ द्या. मग खोली-खोलीचा व्हिडिओ, सलग, मधे न थांबवता, आणि तोंडाने तारीख आणि काय काय भिजलं ते बोलत जा. कपाट उघडा, फ्रिजचं दार उघडा, धान्याच्या पोत्यात हात घालून दाखवा. फोनमधलं लोकेशन चालू ठेवा. हे सगळं गावाबाहेरच्या एखाद्या पाहुण्याला व्हॉट्सअपवर लगेच पाठवून ठेवा, कारण पुरात फोन पण जातात. २०१९ ला आमच्या शेजाऱ्यांनी सगळे फोटो काढले होते आणि चौथ्या दिवशी फोनच बंद पडला.

शेतात पण तसंच. ऊस पाण्याखाली आहे तेव्हाचा फोटो आणि पाणी गेल्यावर शेंडा कुजलाय तेव्हाचा फोटो, असे दोन वेगवेगळ्या दिवसांचे पाहिजेत. पुराच्या पाण्यात बुडलेला ऊस पहिल्या आठवड्यात हिरवाच दिसतो, बांधावर येऊन बघणारा माणूस म्हणतो काही झालं नाही, आणि पंधरा दिवसांनी कांडी फोडली की आत लाल आणि आंबूस वास. म्हणून पंचनामा लवकर झाला असेल तर नंतरचे फोटो लावून परत अर्ज द्यायला कचरू नका.

चक्रीवादळाची गोष्ट थोडी वेगळी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडात धडकलं, पाऊस तोंडावर होता, पत्रे उडालेल्या घरात कोण बसून राहणार? लोकांनी मिळेल ते प्लास्टिक, उसने पत्रे टाकून घर झाकलं, ते योग्यच होतं. पण पथक पोचेपर्यंत घर बाहेरून नीट दिसायला लागतं. त्यामुळे दुरुस्ती जरूर करा, फुटलेली कौलं, वाकलेले पत्रे, मोडलेले वासे मात्र फेकून देऊ नका, अंगणाच्या एका कोपऱ्यात रचून ठेवा आणि पत्रे, खिळे, मजुरीची बिलं जपून ठेवा. बागेत पण पडलेली नारळ-सुपारी तोडून विकायच्या आधी मोजा आणि फोटो घ्या.

पंचनामा

गावात हे काम तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. आता यांची पदनावं बदललीत, ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी, पण गावात सगळे जुन्याच नावानं हाक मारतात. शहरात नगरपालिकेचा नाहीतर महापालिकेचा माणूस असतो. पथक यायची वाट बघत बसू नका. पाणी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी तहसीलदारांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहा, नाव, गट नंबर किंवा घर नंबर, काय नुकसान झालं, कधी झालं, मोबाइल नंबर. दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. त्या शिक्क्यावाचून पुढे तुमची तक्रार कुणी ऐकत नाही, हे मी स्वतः भोगलंय. पहिल्या वेळी आमच्या घरचा अर्ज तोंडी आश्वासनावर देऊन आलो आणि महिन्याने विचारायला गेलो तर अर्जच सापडेना, आणि दिला होता हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

पथक आलं की घरचं कुणीतरी जाणतं माणूस हजर पाहिजे. सगळे रानात किंवा माहेरी गेलेत आणि घराला कुलूप असं व्हायला नको. पंच म्हणून शेजारच्या दोघांच्या सह्या होतात. आपण सही करायच्या आधी कागद वाचा, घाई असेल तरी वाचा, आणि या चार जागा बघा:

- नाव आधारवर आहे तसंच आहे का. बाळासो, बाळासाहेब, बाळू असं तीन कागदांवर तीन तऱ्हेनं असेल तर तिथंच सांगा.
- नुकसानीचं कारण. नदीच्या पाण्यानं गेलं असेल तर "पुरामुळे" असं लिहिलेलं पाहिजे. अतिवृष्टीला महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस असा निकष लावतात, आणि आपल्याकडे पाऊस थांबलेला असताना वरून धरणाचं पाणी येऊन पूर आलेला असतो. कारण चुकीचं पडलं की नंतर पर्जन्यमापकाचा आकडा काढून मदत नाकारायला जागा राहते.
- शेती असेल तर क्षेत्र आणि टक्केवारी. ३३ टक्क्यांच्या खाली नुकसान लिहिलं तर काहीच मिळत नाही. ३० लिहिलं आणि ३५ लिहिलं यात बघणाऱ्याला फारसा फरक दिसत नाही, पण तुमच्या दृष्टीने तो सगळा फरक आहे.
- घर असेल तर "अंशतः" का "पूर्णतः".

या शेवटच्या शब्दावर जरा थांबतो. केंद्राच्या २०२२ ते २०२६ साठीच्या निकषांत पूर्ण किंवा जास्त पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार आहेत. तेच अंशतः पडझड असेल, किमान १५ टक्के, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००. झोपडी गेली तर ८,०००, गोठ्याला ३,०००. म्हणजे एका शब्दानं लाखाचा फरक पडतो. आणि आपल्याकडची जुनी घरं मातीची, पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची. ती पुरात उभी असतात. पाणी उतरतं, चार दिवस कडक ऊन पडतं, भिंत आतून वाळायला लागते आणि मग एका रात्री ढासळते. आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या घराचा पंचनामा झाला तेव्हा भिंतीला फक्त चिरा होत्या, अंशतः लिहिलं. अकराव्या दिवशी पहाटे माजघराची अख्खी भिंत गोठ्यात गेली, नशीब की आजी तेव्हा मुलीकडे होत्या. आम्ही त्याच सकाळी फोटो काढून फेरपंचनाम्याचा अर्ज दिला, त्यात आधीच्या पंचनाम्याची तारीख लिहिली, बांधकाम विभागाच्या अभियंत्यानं बघून दाखला द्यावा अशी मागणी केली. तीन चकरा झाल्या, पण झालं. म्हणून मातीचं घर असेल तर पहिल्याच पंचनाम्यात "भिंतींना तडे, घर राहण्यास धोकादायक" एवढं तरी लिहून घ्या, पुढच्या अर्जाला आधार मिळतो, आणि त्या घरात लगेच झोपायला जाऊ नका.

घर अधिकृत असल्याचा पुरावा मागतात. ग्रामपंचायतीचा घरठाण उतारा, म्हणजे नमुना ८, आणि घरपट्टीची पावती बहुतेक ठिकाणी चालते. घर अजून वडिलांच्या नाहीतर चुलत्यांच्या नावावर असेल तर वारसांचं संमतिपत्र आत्ताच तयार करायला घ्या.

कशाला किती, ढोबळ अंदाज

हे केंद्राचे तेच २०२२ ते २०२६ चे निकष आहेत, राज्याचा जीआर बघितल्याशिवाय शेवटचा आकडा धरू नका, आणि मुदत संपली की नवीन दर येतात तेही ध्यानात ठेवा.

घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं तर कपड्यांना २,५०० आणि भांडी-सामानाला २,५००. राज्य यात वाढवतं, २०२१ ला दोन्हीचे मिळून कुटुंबाला १०,००० दिले होते. त्या वेळी घरांसाठी पण राज्याने वेगळे टप्पे केले होते, पूर्ण पडलेल्याला दीड लाख, ५० टक्क्यांना ५० हजार, २५ टक्क्यांना २५ हजार, १५ टक्क्यांना १५ हजार. भाड्याने राहणाऱ्यांनो, सामान तुमचं गेलंय, घरमालकाचं नाही, त्यामुळे कपडे-भांड्यांची मदत मागायचा हक्क तुमचा आहे, फक्त तिथं राहत होता याचा पुरावा ठेवा, भाडेकरार, गॅसचं पुस्तक, रेशनकार्ड, काहीही. भाऊ-भाऊ एकाच घरात वेगळ्या चुलीवर राहत असतील तर पंचनाम्यात दोन कुटुंबं लिहून घ्या, रेशनकार्ड वेगळं असलं की हे सोपं जातं.

पिकाला हेक्टरी जिरायत ८,५००, बागायत १७,०००, फळबागेला २२,५००, तेही दोन हेक्टरपर्यंत. २०२५ च्या पॅकेजमध्ये राज्याने ही मर्यादा तीन हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्याला म्हणून हेक्टरी १०,००० जादा जाहीर केले. उसाच्या एका एकराचा खर्च काय येतो हे मला कुणी सांगायची गरज नाही, ही रक्कम त्याच्या पासंगालाही पुरत नाही आणि ती वाढली पाहिजे असं माझं ठाम मत आहे, पण जे आहे ते तरी पूर्ण पदरात पडलं पाहिजे ना.

जमिनीचं नुकसान पिकापेक्षा वेगळं लिहायचं असतं आणि हे बरेच लोक विसरतात. शेतात तीन इंचांपेक्षा जास्त वाळू-गाळ बसला असेल तर काढायला हेक्टरी १८,०००, जमीन खरवडून गेली किंवा नदीनं पात्र बदललं तर ४७,०००, दोन्ही अल्प आणि अत्यल्प भूधारकांना. २०२५ ला खरवडलेल्या जमिनीसाठी या ४७ हजारांशिवाय रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतचं काम आणि गाळ भरलेल्या विहिरीला ३०,००० असंही जाहीर झालं होतं. गाळात लाकडी पट्टी उभी करून फोटो काढा, किती इंच ते दिसलं पाहिजे.

दूध देणारी गाय-म्हैस गेली तर ३७,५००, बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००, कोंबडीला १००. मोठी दुभती जनावरं तीनपर्यंत अशी मर्यादा निकषात आहे, २०२५ ला राज्याने ती काढली होती. जनावर मेलं की सगळ्यात आधी कानातला बारा आकडी बिल्ला दिसेल असा फोटो, मग सरकारी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन, पुरायच्या आधी. वाहून गेलेल्या जनावराचं फार अवघड होतं, तेव्हा डेअरीचं दूध-पुस्तक, लसीकरणाची नोंद आणि पोलीस पाटलांचा दाखला हे सगळं जोडा.

मच्छीमारांना होडीच्या दुरुस्तीला ६,००० आणि पूर्ण गेली तर १५,०००, जाळ्याला ३,००० आणि ४,०००. दुकानदारांना केंद्राच्या निकषात जवळपास काही नाही, राज्य दिलं तर देतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतरच्या पॅकेजमध्ये दुकानाला नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५० हजार, आणि टपरीला १० हजार होते. त्यात स्थानिक रहिवासी, मतदार यादीत नाव, रेशनकार्ड, दुकानाची नोंदणी अशा अटी होत्या. म्हणून दुकान छोटं असलं तरी शॉप ॲक्टची नोंदणी करून ठेवा आणि खरेदीची बिलं ईमेलवर नाहीतर नातेवाइकाकडे ठेवा, गल्ल्यातलं बिलबुक मालाबरोबरच जातं.

माणूस दगावला तर वारसांना ४ लाख. अशा घरात कागदांचं बोलायला जीभ रेटत नाही, पण भावकीतल्या एकानं ते अंगावर घ्यावं. पोलिसातली नोंद, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला, वारसाचं बँक पासबुक. शवविच्छेदन नको म्हणून घाईनं अंत्यविधी केला की पुढे पुराने मृत्यू झाला हे दाखवणं कठीण होतं. जखमी होऊन आठवड्यापेक्षा जास्त दवाखान्यात राहिलं तर १६,०००, कमी असेल तर ५,४००. कायमचं अपंगत्व ४० ते ६० टक्के असेल तर ७४,०००, त्यापुढे अडीच लाख.

सातबाऱ्यावर पीकच नसेल तर

ई-पीक पाहणी, म्हणजे शेतात कुठलं पीक आहे ते सातबाऱ्यावर नोंदवणं. हे ॲपवर आपणच करायचं असतं आणि नेमकं तेच राहून जातं. पंचनामा करणारा माणूस सातबारा काढतो, त्यावर पीकपेरा कोरा असेल तर वाद सुरू. पेरणी झाली की पाऊस वाढायच्या आधी शेतात उभं राहून फोटो टाकून मोकळे व्हा, नाहीतर पूर येतो तेव्हा रेंज पण नसते आणि शेतापर्यंत वाट पण नसते. फार्मर आयडी पण काढून ठेवा, आता मदतीच्या वेळी तो मागतात.

सामाईक खातं असेल, चार भावांची नावं एका उताऱ्यावर, तर एकाच्या नावे मदत जमा करायला बाकीच्यांची संमती लागते. मुंबई-पुण्याला असलेल्या भावाची सही आणायला महिना जातो, म्हणून गणपतीला सगळे घरी येतात तेव्हाच ते कागद करून घ्या.

यादी, केवायसी आणि अंगठा

पंचनामे झाले की तहसीलमधून याद्या पोर्टलवर चढतात. यादीत तुमच्या नावापुढे एक विशिष्ट क्रमांक असतो, लोक त्याला व्हीके नंबर म्हणतात. यादी चावडीवर, ग्रामपंचायतीत लावतात, हल्ली गावच्या ग्रुपवर पीडीएफ पण फिरते. तो नंबर, आधार आणि मोबाइल घेऊन आपले सरकार केंद्रात किंवा सीएससीत (सरकारी सेवा केंद्रात) जायचं आणि ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करायची. स्क्रीनवर तुमचं क्षेत्र, रक्कम, खातं दिसतं. केंद्रवाल्याला "ओके करू का" म्हणू देऊ नका, आधी स्क्रीन आपल्याकडे फिरवून वाचा. चूक असेल तर तिथंच असहमती नोंदवता येते, मग ते तहसीलदारांकडे दुरुस्तीला जातं. सहमती दिली आणि मग चूक कळली तर जास्त फिरावं लागतं. पावती घ्या. ॲग्रीस्टॅकमध्ये, म्हणजे फार्मर आयडीच्या सरकारी नोंदणीत, नाव असलेल्या शेतकऱ्यांना २०२५ ला या केवायसीतून सूट दिली होती, आपल्या वेळी काय आहे ते तलाठ्याला विचारा.

आता अंगठ्याचं. माझ्या चुलतीनं उभा जन्म उसाची लागण आणि भांगलण केली, तिच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत. केंद्रात मशीनवर अंगठा ठेवला, लाल. तर्जनी, लाल. त्या पोरानं ओल्या फडक्यानं बोटं पुसली, खोबरेल लावून बघितलं, दहाच्या दहा बोटं झाली तरी मशीन तिला ओळखेना, आणि ती बिचारी सगळ्यांसमोर हात पदराखाली घेऊन म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय बघ." तिचं काही चुकत नव्हतं. अशा वेळी डोळ्याच्या बुबुळाचं मशीन कुठल्या केंद्रात आहे ते विचारा, आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीचा पर्याय आहे का बघा, आणि आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे नव्याने अपडेट करून घ्या. आमचं शेवटी तालुक्याच्या गावी बुबुळावर झालं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं हे काम पूर नसतानाच करून ठेवा अशी कळकळीची विनंती आहे.

केवायसी झाली तरी पैसे अडकायची एक जागा उरते, बँक. मदत आधारला जोडलेल्या खात्यात जाते, तुम्ही पंचनाम्यात जो खाते नंबर दिला त्यातच येईल असं नाही. आणि आधार कार्ड बँकेत दिलंय म्हणजे ते जोडलंय असंही नाही, एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणारी संस्था, तिथं तुमच्या आधारपुढे ते खातं लागलेलं पाहिजे, त्याला मॅपिंग म्हणतात. बँकेत जाऊन नेमका हाच शब्द वापरा, "डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग करून द्या" (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात). एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं, शेवटचं जे जोडलं ते. बरेच जण "पैसे आलेच नाहीत" म्हणून तहसीलला भांडत असतात आणि पैसे कधीतरी गॅस सबसिडीसाठी उघडलेल्या, विसरलेल्या खात्यात पडलेले असतात. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. जिल्हा बँकेत काही अडत असेल तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खातं काढा, पोस्टमन घरी येऊन काढून देतो.

आणि मदतीचे पैसे बँकेनं थकलेल्या कर्जात वळवून घेतले तर गप्प बसू नका. असं करू नये हे मदतीच्या जीआरमध्येच लिहिलेलं असतं. ती ओळ अधोरेखित करून शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, प्रत तहसीलदार आणि जिल्हा अग्रणी बँकेला.

पीक विमा आणि कर्ज

विमा आणि सरकारी मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक मिळाली म्हणून दुसरी बंद होत नाही. आधी एक रुपयात विमा होता तेव्हा शेतात पाणी शिरलं की ७२ तासांत कळवायचं असायचं. खरीप २०२५ पासून महाराष्ट्रात एक रुपयाची योजना बंद झाली, खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकाला ५ टक्के हप्ता आपण भरायचा आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पादनावर ठरते. नियम हंगामानुसार बदलतात, म्हणून नुकसान झालं की १४४४७ ला फोन करून आपल्या पॉलिसीत काय आहे ते विचारा आणि तक्रार नंबर घ्या, कळवल्याने तोटा काही नाही. ऊसवाल्यांनो, ऊस आपल्याकडच्या या योजनेत बसत नाही, त्यामुळे आपल्याला पंचनामा हाच आधार.

पीक कर्जाचं पुनर्गठन मागता येतं. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे नैसर्गिक आपत्तीनंतर बँका हप्ते पुढे ढकलून मुदत वाढवून देतात, पण बहुतेक ठिकाणी त्यासाठी तुम्हाला अर्ज करावा लागतो. पुनर्गठन म्हणजे माफी नाही, व्याज चालू राहतं, हे नीट समजून सही करा. २०१९ ला आपल्याकडे पूरग्रस्तांचं एक हेक्टरपर्यंतचं पीक कर्ज माफ केलं होतं आणि कर्ज नसलेल्यांना तिप्पट भरपाई जाहीर केली होती, म्हणून प्रत्येक वेळी जीआर बघितल्याशिवाय बँकेत सही करायची घाई नको.

यादीत नावच नाही

आधी तलाठ्याकडे जाऊन पंचनाम्याच्या रजिस्टरला नाव आहे का ते बघा. तिथं असेल आणि यादीत नसेल तर टायपिंगची चूक, ती लवकर सुटते. रजिस्टरलाच नसेल तर आवक शिक्क्याची प्रत, फोटो आणि शेजारच्या दोघांचे जबाब लावून तहसीलदारांकडे अर्ज, पुरवणी यादीत नाव घ्यावं म्हणून. पुरवणी यादी जवळजवळ प्रत्येक वेळी निघते, तारीख विचारून घ्या. पंधरा दिवसांत काही हाललं नाही तर आपले सरकारच्या तक्रार पोर्टलवर टाका. त्याच्यापुढे लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात तो दिवस, तालुक्याला कधी असतो ते तहसीलला विचारा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे महिन्याच्या पहिल्या सोमवारी, पण अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, थेट त्या दिवशी गेलात तर हात हलवत परत याल.

माहितीचा अधिकार शेवटी. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांत उत्तर. "मला मदत का नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. "अमुक गट नंबरच्या पंचनाम्याची साक्षांकित प्रत द्यावी, माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची टिपणी द्यावी, आमच्या गावच्या लाभार्थी यादीची प्रत द्यावी" असं कागद मागा. माझ्या बघण्यातल्या दोन प्रकरणांत तर उत्तर यायच्या आधीच नाव पुरवणी यादीत आलं.

एकट्यानं जाण्यापेक्षा गल्लीतल्या राहिलेल्या सगळ्यांची एकत्र यादी करा, गट नंबर, नाव, अर्जाची तारीख, काय अडकलंय ते एका तक्त्यात, आणि तिघा-चौघांनी मिळून जा. आम्ही २०२१ ला अशी २३ नावं एका कागदावर नेली होती. तिथल्या क्लार्कनं त्यावर पेन्सिलीनं खुणा करत एका बैठकीत १७ जणांचं काय अडलंय ते सांगितलं, बरेचसे बँकेचे निघाले. उरलेल्या सहापैकी पाच जणांचं पुढच्या दोन महिन्यांत झालं. एक राहिलं, त्यांचा सातबारा अजून पणजोबांच्या नावावर आहे आणि वारसनोंदीचं काम आता चालू आहे.